सखी केंद्रातली खुर्ची

१९ नोव्हेंबर २०२४, मंगळवार. संध्याकाळी मी अमरावतीतल्या एका शाळेत पहिलीच्या वर्गाच्या भिंतीवर जुनी वर्तमानपत्रं चिकटवत होते. दुसऱ्या दिवशी विधानसभेचं मतदान होतं आणि तो वर्ग म्हणजे आमचं मतदान केंद्र. केंद्राच्या आत कुठल्याही उमेदवाराचं चिन्ह दिसता कामा नये, असा नियम आहे. पहिलीच्या वर्गात हा नियम पाळणं कठीण असतं, कारण भिंतीवर मुळाक्षरांची चित्रं असतात आणि अपक्षांना मिळालेली निम्मी चिन्हं त्या मुळाक्षरांतूनच उचललेली वाटतात. क कपबशीचा, छ छत्रीचा, न नारळाचा, ब बादलीचा. मी दाराला लावलेली उमेदवारांची यादी बघायची, मग भिंत बघायची आणि कागद डकवायची. हात खळीनं चिकट झाले होते.

बाहेर ओसरीवर अकोल्याच्या मॅडम रांगोळी काढत होत्या आणि सगळा स्टाफ त्यांच्याभोवती उभा होता. खळीचं भांडं धरायलाही माझ्याजवळ कोणी नव्हतं.

आमचं केंद्र 'सखी' होतं. म्हणजे सगळा कारभार बायकांचा. गुलाबी फुगे, गुलाबी पडदा, आम्हालाही गुलाबी साड्या. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत भातकुली तालुक्यात शिकवते. नोकरी लागल्यापासून एकही निवडणूक माझ्यावाचून झाली नाही. लोकसभा, विधानसभा, ग्रामपंचायत, सगळ्यांना मी गेले. पण दर वेळी मतदान अधिकारी क्रमांक एक. म्हणजे मतदाराची चिठ्ठी बघायची, यादीत नाव शोधायचं, मोठ्यानं वाचायचं आणि त्याखाली रेघ मारायची. केंद्राध्यक्ष कधीच नाही. आता मी चोपन्न वर्षांची आहे. पुढची विधानसभा येईल तेव्हा मी पेन्शनवर असेन. त्यामुळे या वेळी तरी ती खुर्ची मिळावी, असं मला वाटत होतं. खूप वाटत होतं.

आदेश आला. क्रमांक एक. केंद्राध्यक्ष म्हणून ज्यांचं नाव होतं त्या गेल्याच वर्षी अकोल्याहून बदलून आलेल्या, माझ्यापेक्षा नऊ-दहा वर्षांनी लहान, ज्युनिअर कॉलेजवरच्या. त्यांची वेतनश्रेणी वरची आणि कॉम्प्युटर श्रेणी बघतो. किती निवडणुका केल्या, ते त्याला कोणी विचारायला सांगितलेलं नाही.

तोंडावर मी त्यांना 'मॅडम'च म्हणत होते. मनात ती 'ती'च होती.

प्रशिक्षणातच मला कळलं होतं की हे प्रकरण जड जाणार. हॉलमध्ये साहेबांनी विचारलं, "सहा वाजले आणि रांग शिल्लक असली, तर काय कराल?" मला उत्तर माहीत होतं. रांगेतल्या शेवटच्या माणसापासून पुढं चिठ्ठ्या वाटत यायचं, म्हणजे नंतर कोणी मागं घुसत नाही. मी हात वर करेपर्यंत ती उठली. म्हणाली, "साहेब, शेपटीकडून चिठ्ठ्या वाटाच्या. म्होरून वाटल्या तं शेपूट वाढतच जाते, आमच्या अकोल्याच्या उन्हाळ्यासारखी." हॉल हसला. टाळ्याही पडल्या. उत्तर तेच होतं, माझंच. पण मला ते हशासकट देता आलं नसतं, हेही तितकंच खरं.

साडीचंही तसंच. माझ्याकडे गुलाबी साडी नव्हती. गुलाबी मला कधी आवडली नाही आणि एका दिवसासाठी साडी घेणारी बाई मी नाही. तिला कळलं तर दुसऱ्या दिवशी तिनं पिशवीतून साडी काढून माझ्या हातात ठेवली. "घ्या न ताई. मायाकडं पडून हाय. तुमाले खुलून दिसंल." साडी चांगली होती. माझ्या कपाटातल्या कुठल्याही साडीपेक्षा चांगली होती आणि तिच्याकडे ती 'पडून' होती.

तर मंगळवारी संध्याकाळी शेवटचा कागद डकवून मी बाहेर आले. ओसरीवर रांगोळी तयार होती. हिरव्या-निळ्या वेलबुट्टीत भली मोठी कपबशी, तिच्यातून निघणारी वाफ आणि खाली वळणदार अक्षरांत 'आधी मतदान, मग चहापान'. वाफेच्या तीन रेघा तिनं चिमटीतून एका झोक्यात सोडल्या होत्या. कुठंही हात थांबल्याची खूण नाही. मी ती वाफ बघत उभी राहिले. हिला हेही येतं, एवढंच डोक्यात आलं. मत्सरानं माणूस आंधळं होतं म्हणतात. मला ती वाफ फारच स्पष्ट दिसली. कपबशी तेवढी दिसली नाही. 'क कपबशीचा' वर दहा मिनिटांपूर्वी मीच कागद डकवला होता आणि बोटांना खळ अजून ओली होती.

"कशी झाली ताई?" तिनं विचारलं.

"छान," मी म्हटलं आणि स्कूटीला किल्ली लावली.

बुधवारी पहाटे सगळ्या जणी केंद्रावर हजर झालो. साडेपाचला उमेदवारांचे प्रतिनिधी आले. त्यांच्यासमोर अभिरूप मतदान करावं लागतं, म्हणजे मशीन बरोबर चालते की नाही ते दाखवायला खोटी मतं टाकायची, मोजायची आणि पुसून टाकायची. तिनं ते व्यवस्थित केलं. मी नजर ठेवून होते. मतं पुसायचं बटण ती विसरते का, मशीनमधल्या त्या खोट्या मतांच्या चिठ्ठ्या काढायच्या विसरते का, सील उलटं लावते का. काही विसरली नाही.

सील लागलं. बाहेर उजाडायला लागलं. प्रतिनिधींतले एक चष्मेवाले काका हातपाय मोकळे करायला म्हणून ओसरीवर गेले आणि लगेच परत आले.

"मॅडम, हे काय व?"

"काय झालं काका?"

"सहा नंबरच्या अपक्षाचं चिन्ह काय हाय? कपबशी हाय न? मंग तुमी दारातच त्याचा परचार करून राहिल्या का? येनारा-जानारा मानूस कपबशी पाहूनच बटन दाबंल!"

सगळे बाहेर धावले. दारावरच्या यादीत कपबशी, दारासमोरच्या रांगोळीत कपबशी, ती आठपट मोठी. तिचा चेहरा एकदम उतरला. मी तो उतरलेला पाहिला आणि मला बरं वाटलं. मस्त थंड पाणी प्यावं तसं बरं वाटलं. सात वाजायला थोडाच वेळ होता आणि गेटबाहेर रांग लागली होती.

काका म्हणाले, "मी लेखी तक्रार करतो. झोनल साहेबाले फोन लावा." लेखी तक्रार म्हणजे नोटीस. नोटीस म्हणजे सर्व्हिस बुकाची काळजी. तिनं दोन्ही हात जोडले. "काका, मायं चुकलं. चाहा मनात होता, चिन्ह नोतं. आत्ता बदलवते." आणि खाली बसून तिनं कपाचा कान पुसला, बशी पुसली, वर दोन पानं काढली. कुंडी झाली.

दुसरा प्रतिनिधी वाकून म्हणाला, "कुंडी नाई वाटत हे. बादली वाटते. बादली तं आमच्या विरोधातल्याची हाय."

तिनं घाईनं कुंडी उलटी केली, दांडा काढला. छत्री झाली.

"छत्री नऊ नंबर," काका म्हणाले.

"मंग गोल करू का?"

"गोलाले शेंडी नका काढू म्हंजे झालं. नारळ हाय दहा नंबर."

दारावरची पोलीस बाई हसायला लागली. अकोल्याची बाई हसली नाही. रंग एकमेकांत मिसळून सगळं शेणासारखं दिसत होतं. मी घड्याळ बघितलं. हे असंच चाललं, तर केंद्र वेळेवर उघडणार नाही, आणि उशीर केंद्राध्यक्षांच्या नावावर लागला तरी केंद्र माझंही होतंच. मी ओलं फडकं आणलं, पदर खोचला आणि म्हटलं, "उठा मॅडम." सगळं पुसलं. पांढरी रांगोळी घेतली आणि ठिपके टाकले. ठिपक्यांची रांगोळी मला झोपेतही येते. त्यात कला नाही. ठिपके बरोबर पडले की रेघा आपोआप बसतात. काकांनी चष्मा सावरून चारही बाजूंनी बघितलं.

"कोनाचं चिन्ह नाई," ते म्हणाले. "चालू द्या." तक्रार त्यांनी केली नाही.

बरोबर सातला केंद्र उघडलं. ती माझ्याजवळ आली, माझा हात धरला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "ताई हाय म्हनून निभलं. नाईतं मी आज गेली होती." सगळ्यांनी माझ्याकडे नाही, तिच्याकडे कौतुकानं बघितलं. किती मोकळ्या मनाची बाई, असं ते बघणं. रांगोळीनं भरलेला हात झटकत मी जागेवर बसले आणि पहिलं नाव वाचलं.

दुपारी जेवायला डबे उघडले. तिच्या डब्यात पातोडीचा रस्सा होता, अकोल्याच्या आईच्या हातचा. सगळ्या जणींच्या पोळ्या त्या डब्याकडे वळल्या. माझ्या मेथीच्या पराठ्यांतला एक पोलीस बाईनं घेतला, तोही रस्सा संपल्यावर.

दोनच्या सुमाराला तिचं डोकं दुखायला लागलं. पहाटेपासूनची धावपळ, त्यात सकाळचा धसका. "ताई, डोकं फुटून राहिलं. बाजूच्या खोलीत जराशी पडते. खुर्ची सांभाळता का?" केंद्राध्यक्ष जागेवर नसेल, तेव्हा क्रमांक एकनं काम बघायचं असतं. मी यादी क्रमांक दोनच्या मुलीकडे दिली आणि त्या खुर्चीत जाऊन बसले.

खुर्ची शाळेच्या मुख्याध्यापकांची होती. पाठीला गादी होती. तिथून पूर्ण खोली दिसत होती, दार, रांग, मतदानाच्या आडोशाची पाठ. वीस मिनिटं मी तिथं बसले होते. पहिली काही मिनिटं काहीच झालं नाही. एका माणसानं पंखा जोरात करायला सांगितलं, मी केला. मला वाटलं, बस, एवढंच असतं का?

मग एक म्हातारी आली. बुरख्याचा वरचा भाग मागं टाकलेला, हाताला संत्र्याचा वास. बाजाराच्या कोपऱ्यावर ती फळं विकते, मी तिला ओळखत होते. तिच्या बोटाला शाई लागली, ती आडोशाआड गेली आणि बटण न दाबताच परत बाहेर आली.

"बाई, मुख्यमंत्री का बटन कौनसा है?"

"आजी, आत जा, तुम्हाला जे बटण दाबायचं ते दाबा."

"मगर उसमें मुख्यमंत्री का नामच नहीं! मले त्यालेच मत द्याचं हाय."

"नाव घेऊ नका इथं!" मी खुर्चीतून उठलेच.

"मी कुठं नाव घेऊन राहिली? म्हनूनच तं पुसून राहिली."

रांग ताटकळली होती. प्रतिनिधी कान देऊन बसले होते. मी शिक्षिका आहे, पहिलीच्या पोरांना वजाबाकी समजावते. म्हटलं, "आजी, तुम्ही मुख्यमंत्री निवडायचा नाही. तुम्ही इथला आमदार निवडायचा. असे सगळीकडचे आमदार मुंबईला जातात आणि ज्याच्या बाजूला जास्त आमदार, तो मुख्यमंत्री होतो."

तिनं शाईचं बोट माझ्यापुढं धरलं. "म्हंजे आमी त्याले सीधा नाई निवडत?"

"नाही."

"मधात हा?"

"मधात हा."

"मंग हा आमदार म्हंजे आमचा अडत्याच झाला की! वरूडचा संत्रा मले सीधा मिळत नाई, मधात अडत्या असते, तसाच."

खोलीत हशा पिकला. चष्मेवाले काका तर खोकायलाच लागले. मी हसले नाही, कारण केंद्राध्यक्षानं हसायचं नसतं. "बरोबर आहे," मी म्हटलं. "पण अडत्या तरी बघून निवडायचा असतो न? जा आत." ती गेली, बटण दाबलं, मशीननं लांब शिट्टी मारली. जाता जाता मला म्हणाली, "अच्छी समझाई, बाई."

तेव्हा मला वाटलं की ही खुर्ची मला जमते. नुसती जमते असं नाही, मला ती शोभते. एवढंच मला इतकी वर्षं बघायचं होतं.

ती म्हातारी बाहेर पडली आणि अकोल्याची मॅडम तोंड धुऊन, केस नीट करून, पावडर लावून परत आली. मी उठले. आणि त्याच वेळी वर्तमानपत्राचा माणूस कॅमेरा घेऊन ओसरीवर आला. आत यायची त्याला परवानगी नव्हती. काकाही तेवढ्यात बाहेर पडले. विडी प्यायला गेटपर्यंत जाता जाता त्यांनी त्याला अडत्याची गोष्ट सांगितली, हसत हसत, हातवारे करून. "आमच्या अध्यक्ष मॅडमनं असं समजावलं म्हातारीले, का बस!"

पत्रकारानं केंद्राध्यक्षांना बोलावलं. ती ओसरीवर रांगोळीपाशी उभी राहिली आणि मागं वळून मला हाक मारली. "ताई, या न! तुमाबिगर फोटो कायचा?"

"माझी यादी आहे," मी म्हटलं.

"दोन मिनिटं व ताई."

"रांग आहे मॅडम. तुम्ही काढा."

रांगेत त्या वेळी तीन माणसं होती. तिघंही थांबली असती. पण तिनं बोलावलं म्हणून जायचं, तिच्या बाजूला उभं राहायचं आणि तेही तिच्याच साडीत, हे माझ्याच्यानं झालं नाही. मी खाली मान घालून नाव वाचलं. बाहेर कॅमेऱ्याचा आवाज झाला. मी यादीतल्या नावाखाली रेघ मारली आणि रेघ वाकडी आली.

सहाला केंद्र बंद झालं. मशीन जमा केली, सह्या झाल्या, घरी आले. नवऱ्यानं विचारलं, "कसं झालं?" मी म्हटलं, "झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर आला. शहराच्या पानावर फोटो होता. गुलाबी साडीतली ती, पायाशी माझी ठिपक्यांची रांगोळी, मागं दाराच्या चौकटीत टेबलाचा कोपरा आणि टेबलावर माझं कोपर. फक्त कोपर. खाली लिहिलं होतं की आजीबाईंनी मुख्यमंत्र्यांचं बटण मागितलं आणि केंद्राध्यक्षांनी तिला अशा सोप्या भाषेत समजावलं की केंद्रावर हशा पिकला. 'केंद्राध्यक्षांनी रेखाटलेली रांगोळी' असंही होतं. मी बातमी दोनदा वाचली. रांगोळीचं खोटं होतं. पण बाकीच्यात एक शब्द खोटा नव्हता. त्या वेळेपुरती केंद्राध्यक्ष मीच होते. बातमी माझी होती, फोटो तेवढा दुसरीचा होता. चूक कोणाची म्हणायची?

पेपर घडी करून ठेवला. तिची साडी भिजवली. काठाला रांगोळीचा हिरवा रंग बसला होता, तो साबण लावून चोळून काढला. साडी सिंथेटिक होती, गच्चीवरच्या उन्हात लगेच वाळली. इस्त्री केली, पिशवीत घातली आणि स्कूटी काढली.

तिच्या घरी पेपर टेबलावर उघडाच होता. मला बघून तीच आधी म्हणाली, "ताई, पाहिलं का? तुमी समजावलं न् मायं नाव छापलं. रांगोळी बी मायीच म्हने! मी त्याले फोन लावू का?"

दुसरी कोणी असती, तर 'जाऊ द्या हो' म्हणाली असती. मी म्हटलं, "लावा."

तिनं खरंच लावला, माझ्यासमोर, स्पीकरवर. तिकडून तो म्हणाला, "मॅडम, आता परवा मतमोजणी हाय. रांगोळीची दुरुस्ती कोन छापंल?" ती त्याच्यावर चिडली. माझ्यासाठी चिडली, आवाज चढवून. आणि मला तिचा राग आला. एवढं चांगलं वागायची काय गरज असते माणसाला? थोडी वाईट असती, तर माझं काम सोपं झालं असतं.

"साडी ठेवून घ्या न ताई," ती म्हणाली. "मस्त दिसत होती तुमाले."

"नको," मी म्हटलं. चहा घेतला. चहा कपबशीतच होता, आणि आम्ही दोघीही त्याकडे बघून हसलो. मी कमी हसले.

तिथून तहसीलला गेले. निवडणूक शाखेत एकच बाबू होता, डोळे लाल, समोर कागदांचा ढीग. मला बघताच त्यानं न विचारता हात पुढं केला.

"ड्यूटी रद्दचा न? मॅडम, निवडनूक झाली आता. कायले आल्या?"

"जिल्हा परिषदेची लागेल तेव्हाचा आहे."

"आत्तापासून रद्द?" त्याला माझं कौतुक वाटलेलं दिसलं. "मेडिकल जोडलं का?"

"रद्द नाही. ड्यूटी पाहिजे म्हणून आहे. केंद्राध्यक्ष म्हणून."

त्यानं मान वर केली. मग बाजूच्या शिपायाला हाक मारली. "अरे, इकडं ये, पाय! बाई ड्यूटी मागून राहिली!" शिपाई खरंच बघायला आला. "मॅडम, इतकी वर्षं या टेबलावर हाय मी," बाबू म्हणाला. "बीपीचे, शुगरचे, लग्नाचे, मयतीचे, सगळे अर्ज पाहिले. असा नाई पाहिला. ह्याच्यासाठी नमुनाच नाई आपल्याकडं."

"कोरा कागद द्या."

त्यानं दिला. मी तिथंच उभ्यानं लिहिला. माझी सेवा लिहिली, विषय लिहिला, विनंती लिहिली. त्यानं वाचला.

"तुमी त्या सखी केंद्रावरच्याच न? पेपरात फोटो पाहिला. तुमच्या अध्यक्ष मॅडम भारी हाय, बरं का."

"हो," मी म्हटलं. "कागद द्या जरा परत."

सहीच्या वर जागा होती. तिथं मी आणखी एक ओळ लिहिली, की माझ्या केंद्रावर मतदान अधिकारी क्रमांक एक म्हणून अकोल्याहून बदलून आलेल्या सदर मॅडमचीच नेमणूक व्हावी, त्यांच्या कामाचा मला अनुभव आहे.

बाबू म्हणाला, "हे आमच्या हातात नसते. कॉम्प्युटर सरमिसळ करते."

"करू द्या," मी म्हटलं. "तुम्ही आवक घ्या."

त्यानं शिक्का मारला. पोच पर्समध्ये ठेवली आणि येताना बाजाराच्या कोपऱ्यावर थांबून त्या म्हातारीकडून दोन किलो संत्री घेतली. तिनं मला ओळखलं नाही.